कंबरेची केस आणि कमलेशची लात

६ जानेवारी २०२५, सोमवार. सकाळी ११

आजपासून सगळं लिहून ठेवाचं ठरवलं. केस लढाची तं डोकं जाग्यावर पाहिजे. रोजनिशी मराठीतच. कंपनीत वरपासून खालपर्यंत सगळे हिंदीवाले. वही हाती लागली तरी बसतील डोकं खाजवत.

घटना थोडक्यात. चोवीस डिसेंबर, फर्स्ट शिफ्ट. गिअरबॉक्सचं झाकण काढाचं होतं. वजन उचलाची चेनपुली बिघडलेली. सुपरवायजर ओमप्रकाश म्हणे, हाथ से उठा लो, दो आदमी तो हो. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं कमलेश. उचललं अन् माह्या कंबरेत कडकन वाजलं. कमलेशनं बी ऐकलं. मी तिथंच खाली बसलो.

दुसऱ्या कोण्या कारखान्यात ॲक्सिडेंट रजिस्टर आलं असतं. आमच्या वर्कशॉपमध्ये कंबर धरली की एकच इलाज, कमलेश. तो पायाळू आहे, आईच्या पोटातून पायाकडून जन्मला. पायाळूनं पाठीले तीनदा लात लावली की लचक निघते. नऊ वर्षांपासून लोकांच्या लचका काढून राहिला. बाजूच्या कारखान्यातले लोक बी जेवणाच्या सुट्टीत नारळ घेऊन येतात. ओमप्रकाशनं रजिस्टर नाही मागवलं, कमलेशले बूट काढाले सांगतलं. लात म्हणजे काय, नुसता पाय टेकवते तो, तेबी नमस्कार करून. तीन लाता घेतल्या अन् शिफ्ट पुरी केली. नोंद कुठंच नाही. दुसऱ्या दिवशी पलंगावरून उठता येईना.

बाबा सरकारी स्टील प्लांटमध्ये परमनंट होते. सेक्टर १० चं क्वार्टर, दवाखाना फुकट. मी ठेकेदाराचा माणूस. पण डोकं बाबापेक्षा तेज आहे. पाहू.

८ जानेवारी, बुधवार

दुर्गले वकील रश्मी मॅडमकडे गेलो. दावा टाकला. मागण्या दोनच: इलाजाचा पूर्ण खर्च, अन् यापुढं स्टोअरमध्ये बसून कराचं काम. डॉक्टरनं साफ सांगतलं आहे, आता वजन उचललं तं पाय लुळा पडू शकते. म्हणजे स्टोअर नाही भेटलं तं फिटरकी संपली.

मॅडम म्हणाल्या, तुमचा साक्षीदार एकच, कमलेश. त्याले जपा. अन् जे आहे ते खरं सांगा, कलाकारी नको.

वकिलाले असं म्हणावंच लागते.

११ जानेवारी, शनिवार

समोरच्या घरात नवीन भाडेकरू. पंजाबराव म्हणून, रेल्वेतून रिटायर, एकटाच आहे. दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून आमच्या घराकडे पाहत बसते. दावा टाकला बुधवारी, हा आला शनिवारी. अख्ख्या हुडको कॉलनीत त्याले दुसरं घर नाही भेटलं?

नलूले सांगतलं तं म्हणे, त्याची गॅलरी आपल्याकडे आहे तं काय पाठ करून बसणार का तो? बायकोले कायद्यातलं काय समजते.

आणि भयंकर गोष्ट म्हणजे पंजाबराव नागपूरचा. मराठी वाचता येते. वही तांदळाच्या डब्यात ठेवाले लागलो.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

पंजाबराव तीळगूळ घेऊन दारात. म्हणे, गोड गोड बोला. मी बोललोच नाही. हात जोडले अन् दार लावलं. लाडू नलूनं खाल्ला. चांगला होता म्हणे.

१९ जानेवारी, रविवार. दुपारी ४

कमलेश आला. तिसऱ्यांदा. नलूले विचारलं, दादाची पाठ कशी आहे, मले दादाले एकट्यात एक गोष्ट विचाराची आहे. मी आतून ऐकलं. एकट्यात कावून? मोबाईल चालू ठेवून रेकॉर्ड कराले सोपं जाते म्हणून. मी लगेच घोरू लागलो. गडी तासभर बसून राहिला, मलेबी तासभर घोरा लागलं. घसा बसला.

तो गेल्यावर टीना म्हणे, पापा, अंकल रो रहे थे क्या? आँखें लाल थीं. पोरगी बारावीत आहे, पण भोळी. वैशाली नगरहून मोटरसायकलवर आला, धूळ गेली असन.

३ फेब्रुवारी, सोमवार

नवा निश्चय. घराबाहेर पाय ठेवला की वाकून चालाचं. डावीकडे वाकाचं, कारण पंजाबरावच्या गॅलरीतून डावी बाजू चांगली दिसते.

अडचण एकच. दुखते उजवीकडे. डावीकडे वाकलो की डोळ्यापुढं काजवे चमकतात. दुकानापर्यंत गेलो अन् परत येताना रिक्षा करावी लागली.

नलू कावली. म्हणे, खरंच दुखते तं नाटक कावून करता? मी समजावून सांगतलं, की बाई, खरं दुखणं फोटोत येत नाही. कंपनीवाले फोटो काढून कोर्टात लावतात, एक उभा फोटो अन् केस खलास. ती म्हणे, तुमचा फोटो कोण काढते, आपल्या लग्नात काढला तोच शेवटचा.

९ फेब्रुवारी, रविवार

आज पुरावा सापडला. हुडकोच्या बाजारात नलूची वाट पाहत उभा होतो, डावीकडे वाकून. समोरून कमलेशची मोटरसायकल. मागं कोण? ओमप्रकाश! दोघं हसून बोलून राहिले होते. नाही, हसत नव्हते. पण बोलून राहिले होते.

नलू म्हणे, एकाच ठिकाणी काम करतात, सोडून देत असन घरी. मी म्हटलं, हाव, सोडून देत आहे. मले.

दोन घास कमी जेवलो. बरोबर काम केलेला माणूस असा निघाला की वाईट वाटते. वाटलंच.

११ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ७

काल दिवसभर विचार केला. आयडिया आली अन् मीच माह्यावर खूश झालो. गॅसच्या पाइपले लीक असली की आमी फिटर लोक प्रत्येक जॉइंटवर साबणाचं पाणी लावतो. जिथं फुगा, तिथं लीक. तेच कराचं. दोन्ही संशयितांना वेगवेगळी खोटी बातमी द्याची. कंपनीच्या तोंडून जी बातमी परत येईल, ती ज्याले सांगतली तो जासूस.

पंजाबरावले सांगाचं: मी केस मागं घेऊन राहिलो.

कमलेशले सांगाचं: पाठ गिअरबॉक्सनं नाही गेली, तुह्या लातीनं गेली.

नलूले नाही सांगतलं. मॅडमले तं बिलकूल नाही. त्यांच्या टेबलावर कंपनीच्या वकिलाच्या नावाचं कॅलेंडर पाहिलं आहे मी.

१६ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ५

दोन्ही जॉइंटवर साबण लावून झाला.

पंजाबराव: सकाळी त्याच्या गॅलरीखाली उभं राहून मोठ्यानं सांगतलं. तो म्हणे, कोण बोलून राहिलं? मी म्हटलं, तेजराम, समोरचा. तो म्हणे, अच्छा अच्छा, वर या ना, चहा घेऊ. पक्का कलाकार.

कमलेश: दुपारी आला. या वेळी घोरलो नाही, पण दार बी नाही उघडलं. खिडकीतून ओरडलो, कमलेश, आता येत जाऊ नको, तुह्या लातीनं माही कंबर मोडली, गिअरबॉक्सनं काही नव्हतं झालं, मी चालत होतो चांगला! त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. चप्पल उलटीच घातली अन् गेला.

दोन मिनिटं मलेच कसंतरी वाटलं. पण टेस्ट म्हणजे टेस्ट.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पंजाबरावचं नाव यादीतून काढावं लागलं. नलू त्याले डबा द्याले गेली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पुढच्या महिन्यात ऑपरेशन. आमच्या घराचं त्याले फक्त दार कुठं आहे तेवढं समजते. गॅलरीत ऊन खाते बिचारा.

म्हणजे सतरा दिवस मी आंधळ्यासमोर डावीकडे वाकून राहिलो. आता उजवीबरोबर डावी बी दुखते. नलू हसली, मग शेक द्याले बसली, अन् परत हसली.

काही हरकत नाही. दोनातून एक गेला, आता एकच उरला.

५ मार्च, बुधवार

कमलेश दोन रविवार आला नाही. सापडला! चोर पकडला गेला की तोंड दाखवत नाही. कंपनीकडून अजून लातीचा शब्द बी आला नाही, पण ते लोक मुरलेले आहेत, दाबून ठेवला असन.

नलूले बाजारात कमलेशची बायको रेणू भेटली. म्हणे, कमलेशनं लात देणं बंद केलं. परवा एक माणूस नारळ घेऊन आला, तं याने हात जोडून परत पाठवला. जेवत बी नाही धड. नलूनं माह्याकडे असं पाहिलं, की मी चहाचा कप घेऊन अंगणात गेलो.

नाटक असन. कंपनीनं सांगतलं असन.

१४ मार्च, शुक्रवार. होळीचा रंग

गल्लीत ढोल. पोरांनी तोंड इतकं काळं-हिरवं केलं, की आरशात मीच मले नाही ओळखलं. म्हटलं, आज कोणी फोटो काढला तरी सिद्ध होत नाही. फक्त दोन ठुमके मारले. दुसऱ्यावर कंबर धरली. मग चौघांनी दाराच्या फळकुटावर टाकून घरी आणलं. तेव्हापासून रात्रीपर्यंत पायाले मुंग्या येत राहिल्या.

पायाच्या मुंग्यांची भीती वाटली. खरं लिहितो, लय भीती वाटली. इलाज लवकर नाही झाला तं काय, हे डोक्यातून जाईना.

१८ मार्च, मंगळवार

मॅडमचा फोन. चोवीस तारखेले सुनावणी. कंपनी तयार आहे! इलाजाचा खर्च देते, स्टोअरमध्ये बसवते. चेनपुली त्या दिवसाच्या महिनाभर आधीपासून बिघडली होती हे त्यांच्याच कागदात आहे, म्हणून वाद नको म्हणतात. कमलेशनं फक्त दोन वाक्यं सांगाची, झाकण उचललं अन् आवाज आला, की कोर्टाचे साहेब लगेच आदेश लिहितील.

मी म्हटलं, मॅडम, कंपनी इतकी सरळ कावून झाली? मागं माणसं लावली होती ना माह्या? मॅडम म्हणाल्या, तेजराम जी, त्यांच्या वकिलाले तुमचं नाव बी पाठ नाही. माणसं कशाले लावतील?

कमलेशवर भरवसा ठेवू नका, असं सांगणार होतो. मग टेस्टचं सांगावं लागलं असतं. मॅडम उगाच चिडल्या असत्या. नाही सांगतलं. नलू म्हणे, एकदा कमलेशभाऊले भेटून तं या. म्हटलं, सुनावणीआधी साक्षीदाराले भेटलो तं लोक संशय घेतात.

२४ मार्च, सोमवार. संध्याकाळी ६

नीट लिहितो.

कंपनीचा वकील पोरगेलासा. खरंच त्यानं माहं नाव फाईलमध्ये पाहून वाचलं. म्हणे, साहेब, आमाले मंजूर आहे. साहेबांनी पेन उघडला. कमलेशले बोलावलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. माह्याकडे पाहिलं नाही.

झाकण उचललं, आवाज आला, इथपर्यंत बरोबर बोलला. साहेब म्हणाले, बस, झालं. तरी हा उभाच. मग रडाले लागला. म्हणे, साहब, मैं झूठ नहीं बोल सकता. झाकणानं नुसती लचक भरली होती. पाठ मी मोडली. तीन लाता मी मारल्या. तेजरामदादानं स्वतः मले सांगतलं. दोन महिन्यांपासून हेच विचाराले जाऊन राहिलो होतो, की दादा, माह्या लातीनं तं नाही ना? अन् मग दादानं सांगतलं. जी सजा असन ती मले द्या.

कंपनीच्या वकिलानं मान वर केली. पहिल्यांदा फाईल पूर्ण उघडली.

साहेबांनी मले विचारलं, तुमने ऐसा बोला था? मी म्हटलं, बोला था साहब, पर झूठ बोला था. साहेब म्हणाले, झूठ क्यों? आता काय सांगणार? म्हटलं, साहब, मुझे लगा ये कंपनी का जासूस है. साहेबांनी चश्मा काढला अन् टेबलावर ठेवला. मॅडम खिडकीकडे पाहून राहिल्या होत्या.

वकील म्हणे, साहेब, ही तं कामावरची दुखापतच नाही, आपसातला लाताचा मामला आहे, आमची मंजुरी वापस. आता मेडिकल बोर्ड, नवे कागद, नव्या तारखा. मॅडम म्हणाल्या, तीन वर्षं तरी धरा. स्टोअरची जागा तोपर्यंत दुसऱ्याले जाईल.

मॅडम चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तं बरं झालं असतं.

बाहेर कमलेश उभा. म्हणे, दादा, बसा, घरी सोडतो. प्रत्येक ब्रेकरवर गाडी इतकी हळू केली, की मागचे हॉर्न वाजवत होते. मी मागं कंबर धरून बसलो होतो. शरम वाटत होती.

३० मार्च, रविवार. दुपारी १

नलूनं हुकूम दिला, आज जाऊनच या. वैशाली नगरले गेलो, सरळ चालत, जेवढं सरळ चालता येते तेवढं. कमलेशच्या घरी बसलो. रेणूनं पाणी दिलं. सगळं सांगून टाकलं. की तुह्या लातीनं काही नाही झालं, पाय तं तू नुसता टेकवला होता. आवाज उचलतानाच आला, तू बी ऐकला. मले तुह्यावर संशय होता म्हणून खोटं बोललो. मी मूर्ख आहे. माफ कर.

कमलेशनं ऐकून घेतलं. मग माह्या पायाले हात लावला अन् म्हणे, दादा, तुमी मोठ्या मनाचे आहा, माहं मन राखासाठी बोलून राहिले. मले समजते. मी परत सांगतलं. रेणू डोळे पुसून म्हणे, हे असंच म्हणत होते, दादा कधी दोष देणार नाहीत.

तिसऱ्यांदा जोर देऊन सांगतलं, देवाशपथ सांगतलं. कमलेश म्हणे, दादा, माह्यासाठी खोटी शपथ नका घेऊ. अन् माह्यासाठी रिक्षा आणाले गेला.

खोटं होतं ते मी खिडकीतून फक्त एकदा ओरडलो होतो.