दाब, सोड, मोज

सोमवार, ३ तारीख

ताई वर्कशॉप विकणार! शेजारच्या टायरवाल्याला. एकतीस तारखेला सह्या. आणि हे मला कुणाकडून कळलं, तर टायरवाल्याच्या बायकोकडून — भाजीच्या दुकानात!

तडक फोन लावला. "का गं?" तर म्हणे, "कंटाळा आला." बस्स, एवढंच. सत्तावीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली उभी राहिलेली बाई, जिला रविवारीसुद्धा घरात चैन पडत नाही, तिला कंटाळा! सख्खी बहीण आहे माझी, चारच वर्षांनी मोठी. ती खोटं बोलली की मला फोनवरूनही कळतं. पण का बोलली, ते कळत नाही.

मंगळवार, ४

नवरा म्हणाला, "तिची जागा, तिचा निर्णय. तू कशाला मध्ये पडतेस?"

बरोबर आहे त्याचं. तरी पडणार.

गुरुवार, ६

युक्ती सुचली. गाडी!

दोन महिन्यांपूर्वी घेतलेली, दुसऱ्या हाताची, पण काय रूप आहे! करडा रंग, रुंद चाकं, जमिनीला टेकल्यासारखी बसकी. नवऱ्याने पहिल्याच दिवशी नाव ठेवलं — ठेंगणी. "सेहेचाळीसाव्या वर्षी असली गाडी? कोण आहेस तू, शर्यतीत जाणारी?" कोण आहे मी — दिवसभर प्रुफं तपासणारी. दुसऱ्यांची वाक्यं सरळ करण्यात वीस वर्षं गेली, एखादं वळण आपणही जोरात घ्यावं असं वाटलं. एवढंच.

पण ती डोलते. गतिरोधक आला की एकदा खाली, मग वर, मग परत खाली, परत वर. नवरा म्हणतो, "गाडी आहे की होयबा? काहीही विचारा, मान हलवते." परवा पावसाळी रस्त्यावर वळणाला मागचं अंग क्षणभर सुटल्यासारखं झालं. त्याने तेव्हाच सांगितलं, "नीट करून घे, नाहीतर काढून टाक."

ठेंगणी ताईकडे नेते. कामाला हात लागला की माणूस बोलतं. बोललं की मन वळवता येतं.

शुक्रवार, ७

वर्कशॉप अजून तसंच. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक पान्याची पांढऱ्या रंगात काढलेली आकृती, आणि प्रत्येक पाना आपापल्या आकृतीत. माझ्या कपाटात पुस्तकंसुद्धा इतकी शिस्तीत नसतात.

ताई गाडीभोवती एक फेरी मारून आली. बसली, चाकामागे बॅटरी मारली, आणि उठताना हसली.

"कोणी केला हा उद्योग?"

"आधीच्या मालकाने."

"स्प्रिंगा आखूड घातल्या आणि शॉकअप मूळचेच ठेवले. नवा कोट शिवून त्याला जुन्या बाह्या लावल्या की!"

मग मला समजेल असं सांगितलं. गाडीचा भार स्प्रिंग पेलते, पण दाबली की उसळते. तिची उसळी आवरायचं काम शॉकअपचं. आखूड स्प्रिंग जास्त कडक, तिची उसळी जोरदार. मूळचा शॉकअप मऊ आणि उंच स्प्रिंगसाठी बनवलेला. त्यातून गाडी खाली बसल्यामुळे तो कायम अर्धा दबलेला. खड्डा आला की त्याला हलायला जागाच नाही. "तरणी पोर सांभाळायला म्हाताऱ्याला बसवलंय. दमलाय बिचारा, बघ, तेल गाळतोय."

"मग मूळच्या स्प्रिंगा घालायच्या?"

"तुला कशी आवडते?"

"अशीच. ठेंगणी."

"मग अशीच राहील. तिच्या तोडीचे शॉकअप घालू."

मी उत्साहात म्हटलं, "सगळ्यात कडक मागव!"

"कडक तेच चांगलं असतं, तर तुला दगडाच्या चाकांवर बसवलं असतं. जेवढी उसळी तेवढाच आवर. कमी नको, जास्त नको."

मग म्हणाली, "पुढच्या कोपऱ्यावर तळहात ठेव. दाब. सोड. मोज." मी दाबलं, सोडलं, मोजलं — गाडी हाताखाली साडेतीन वेळा डुलली. "साडेतीन." तिने खडूने जमिनीवर लिहिलं. असे चारही कोपरे. तिने स्वतः केलं असतं तर दोन मिनिटांचं काम, पण नाही, मलाच करायला लावलं! सायकलही अशीच शिकवली होती तिने मला. सीट धरायची नाही, नुसती बाजूने पळायची. "काय वाटतंय सांग, काय वाटतंय सांग!"

विक्रीचा विषय काढायचं धैर्य झालं नाही.

सोमवार, १०

शॉकअप आले नाहीत. आज तीनदा फोन केला. ताई: "बाळंतपण आहे का घरात? येतील तेव्हा येतील."

गुरुवार, १३

आले! रजा टाकली आणि गेले. अंग मोडून आलंय, पण लिहिल्याशिवाय झोपणार नाही.

ताईला काम करताना इतकं जवळून मी कधी पाहिलंच नव्हतं. आपल्या माणसाचं आपण नुसतं घर बघतो, जेवण बघतो, काम बघतच नाही. स्प्रिंग दाबून बांधताना तिने मला बाजूला केलं. "समोर उभी राहू नकोस. सुटली तर विचारत नाही कुणाला." दोन्हीकडचे स्क्रू आळीपाळीने, अर्धा वेढा इकडे, अर्धा वेढा तिकडे. घाई नाही, एक हालचाल फुकट नाही. मी भिंतीला चिकटून बघतेय.

हवेच्या दाबावर चालणारी ती गन — सेकंदात नट काढते ती — भिंतीवर फडक्यात गुंडाळून टांगलेली. "वापरत नाहीस?" "गोंगाट नुसता. हाताने काम नीट होतं." किती सुंदर! जग घाईला लागलेलं आणि ही बाई एकेक नट हाताने सोडवतेय.

नवा शॉकअप जागेवर आला तेव्हा नट पुढे करून म्हणाली, "तू लाव. तुझी बोटं बारीक. आडवा चढायला लागला तर तुला लगेच कळेल." लावला! सरळ चढला! एका प्रुफं तपासणाऱ्या बाईने!

पूर्वी ताई डोळे मिटून, नुसतं चाचपून सांगायची, हा सतराचा पाना, हा एकोणीसचा. आम्ही पैजा लावायचो. आज मी चुकीचा दिला तर चष्मा खाली ओढून त्यावरचा आकडा वाचला. वय, दुसरं काय! मलाही आता सुईत दोरा जात नाही.

आणि मग माझा पराक्रम. गाडी अजून लिफ्टवर, चाकं लोंबकळत. मला काय सुचलं, तिने पाठ फिरवल्यावर खालचा बोल्ट पुरता आवळून टाकला. मदत! वर त्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपकाही दिला — पक्क्या केलेल्या बोल्टवर ती देते तसा. ती वळली, ठिपका दिसला, आणि ओरडलीच. "अधांतरी आवळायचा नाही!"

मी शाळेतल्यासारखी उभी.

मग आवाज खाली आणून म्हणाली, "आत रबर असतं. आवळताना ते जसं असेल, तेच आपलं घर असं ते धरून बसतं. हवेत आवळलंस, तर गाडी खाली उतरली की जन्मभर पिळलेलं राहणार. आधी भार येऊ दे अंगावर. मग घट्ट करायचं."

सैल केला. गाडी चाकांवर उतरवली. मग दोघी पाठीवर खाली शिरून, ठरलेला जोर झाला की टक् वाजणाऱ्या तिच्या पान्याने, तो आवाज येईपर्यंत मी आवळलं आणि ती ऐकत राहिली. ‘आधी भार येऊ दे अंगावर’ — हे वाक्य कुठल्या पुस्तकात आलं असतं तर मी खाली रेघ मारली असती.

तिथेच, खाली पडल्या पडल्या, विचारलं. "ताई, नको ना विकूस."

"ठिपका दे त्याला आता."

नंतर कॉफी. स्टीलचे पेले असे तापलेले की मी माझा रुमालात धरला. ताईने आपला मुठीत घेतला होता, सहज, गप्पा मारत. "भाजत नाही?" "घट्टे पडलेत." काय हात आहेत!

शनिवार, १५

आज जुळवणी. नव्या शॉकअपच्या डोक्यावर एक छोटी घुंडी असते. फिरवली की बोटाला बारीकसा ठोका लागतो. प्रत्येक ठोक्याला आवर वाढतो. "फिरव. मोठ्याने मोज," ताई म्हणाली. मी बाराखडी म्हटल्यासारखी मोजत होते.

मग रस्त्यावर. मी चालवतेय, ताई शेजारी, डोळे मिटून, हात मांडीवर. शाळेपुढचा गतिरोधक, पुलाचा सांधा, पाण्याच्या टाकीजवळचं वळण. तीच फेरी पुन्हा पुन्हा.

"मागचं काय म्हणतंय?"

"अजून उडतंय थोडं."

"दोन ठोके."

परत फेरी. "आता?"

"आता दात वाजतायत."

"मग एक मागे. सुकाणूत काय येतंय? हाताला काय वाटतंय ते सांग, डोक्याला नको."

डोक्याला नको! मला आयुष्यात हे कुणी सांगितलं नव्हतं.

पाचव्या की सहाव्या फेरीला झालं. गतिरोधकावरून ठेंगणी वर गेली, खाली आली आणि थांबली. एकदाच. वळणात मागचं अंग पुढच्याच्या पाठोपाठ, हात धरून आल्यासारखं. मी ओरडलेच. ताईने डोळे उघडले नाहीत, पण हसली. अशी हसली की मला वाटलं, आता नाही विकणार. शक्यच नाही.

परत आल्यावर चारही कोपरे. दाब, सोड, मोज. एक. एक. एक. एक. तिने जमिनीवरचे जुने आकडे पायाने पुसले.

मी म्हटलं, "असे हात असताना दुकान कसलं विकतेस गं?"

ती हात धुवायला गेली. बराच वेळ धूत होती.

रविवार, १६

नवऱ्याला फिरवून आणलं. सगळ्या गतिरोधकांवरून मुद्दाम. मग: "होयबा सुधारला. एकदाच हो म्हणतो." घरी आल्यावर, बूट काढताना: "जादू आहे तुझ्या बहिणीच्या हातात."

हे तिला सांगायला फोन केला. "हं," म्हणाली.

शनिवार, २२

टायरवाला फळ्यांची मापं घेत होता. मी त्याच्याशी बोलले नाही. तो बिचारा सरळ माणूस आहे, तरी नाही बोलले. ताईला तिथल्या तिथे सांगितलं — तू चूक करतेयस. इतकं येणाऱ्या माणसाला सोडायचा हक्क नसतो. ती म्हणाली, "हक्क!" आणि पाने मोजत राहिली.

बुधवार, २६

भांडले. फोनवर. मीच.

शनिवार, २९

सकाळी ताईला घेऊन ठेंगणीतून टाकीपर्यंत गेले, माफी मागायला. गाडी कडेला लावली. तीच बोलली, समोर बघत.

तळहातांत तिला वर्षभर काही जाणवत नाही. सत्तावीस वर्षं ती गन धरली, तिच्या थरथरीने नसा गेल्या. डॉक्टर म्हणतात, परत येणार नाहीत. "आधी मुंग्या यायच्या. मग थांबल्या. मला वाटलं, बरं झालं. मग कळलं, मुंग्या नाही, हातच गेलेत." गन फडक्यात म्हणून. पेला म्हणून. "तुझी बोटं बारीक" म्हणून.

"मग तू मला शिकवत नव्हतीस?"

"विचारत होते गं. तुझ्या गाडीच्या जुळवणीला माझा हात लागलेलाच नाही. तुझ्याच हातांनी जुळलीय ती." मग परवा टायरवाल्याला किल्ल्या कशा द्यायच्या, कुठली फळी आधी काढायची, ते सांगत राहिली.

मी तिचा हात हातात घेतला आणि दाबला. जोरात. ती समोर बघून बोलतच राहिली.

सोडला. खांद्यावर हात ठेवला. तिथे लगेच कळलं तिला. म्हणाली, "काय गं?"