आमचा एसी उलटा बसवलेला नाही

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार. (यंत्र खिडकीत चढवताना कमरेत उसण भरली आहे, तेव्हा तो सध्या कागदावरच स्वीकारावा.) आपली तब्येत, वहिनींचा खोकला आणि आपल्याकडे अचानक राहायला आलेल्या दोघींची, म्हणजे आपल्या मातोश्री व माझी पत्नी यांची, खुशाली कळवावी. त्यांनी तिकडे काय सांगितलं असेल, ते मी इथे बसून ऐकतो आहे : "ह्यांनी एसी उलटा बसवला." दादा, तो उलटा नाही. तो विचारपूर्वक फिरवलेला आहे.

आपण वकील आहात, म्हणून आधी मुद्दा नीट मांडतो. एसी थंडी तयार करतो हा समजच चुकीचा आहे. एसी म्हणजे हमाल. त्याच्या पोटातला गॅस खोलीतल्या जाळीपाशी उष्णता उचलतो आणि मागच्या जाळीपाशी नेऊन बाहेर टाकतो. हमालाला सामान कुठे न्यायचं ते आपण सांगायचं असतं. मग हिवाळ्यात त्याचं तोंड गल्लीकडे आणि पाठ खोलीकडे केली, तर तो बाहेरची उष्णता उचलून आत आणणार की नाही? (थंडीच्या हवेतही उष्णता असते. तुमच्या बहिणीला हे पटत नाही.) शेगडीपेक्षा यात वीजही कमी लागते. हे मला कोणी कॉलेजात शिकवलं नाही. मी यंत्रं उघडून शिकलो, आणि बहुतेक परत बंदही केली.

पहिल्या संध्याकाळी खोली अशी उबदार झाली की आईंनी स्वेटर काढला. हे त्यांनी तिकडे सांगितलं का? नसणारच.

आता किरकोळ गोष्टी. खिडकीचा एसी पाठीकडे किंचित कलता बसवावा म्हणजे पाणी मागे निथळतं, असा नियम आहे. मी नियम मोडणारा माणूस नाही. लेव्हल लावून तंतोतंत कल दिला. फक्त पाठ आता खोलीत होती आणि पाठीखाली आईंचा पलंग होता. बटणं गल्लीत गेली, हेही मान्य. आमचं घर तळमजल्यावर. कुरिअरवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत जो येईल तो एकदा फिरवून बघायचा. पण खरी अडचण तापमान मोजणाऱ्या काडीची झाली. ती तोंडाकडे असते, म्हणजे आता बाहेर. बाहेर गारठा वाढला की तिला वाटायचं, खोली छान थंड झाली, आपलं काम संपलं. आणि नेमकी कडाक्याच्या वेळी ती यंत्र बंद करायची.

यावर मी काढलेला उपाय पाहून कुठल्याही इंजिनिअरने टोपी काढली असती. काडीला बाहेर उन्हाळा आहे असं भासवायचं, बस्स! मी गरम पाण्याची रबरी पिशवी तिच्यावर बांधली. (पिशवी आईंची. घरात दुसरी नव्हती.)

"आईच्या पोटऱ्या गार पडल्यात आणि तुम्ही गल्लीला शेकताय?" तुमची बहीण म्हणाली.

"गल्लीला नाही, काडीला," मी दुरुस्ती केली. इथे तिने बॅग काढली.

जाण्याआधी तिने मेकॅनिक बोलावला होता. तो दारातूनच म्हणाला, "काका, हा उलटा लागलाय."

"मला माहीत आहे."

"मग सरळ करू?"

"सरळच आहे. तू उलट्या बाजूने बघतोयस."

तो हसला. मी त्याला चहा न देता घालवला.

तिचा निरोप पोचला : एसी जागेवर लागल्याशिवाय मी येणार नाही. तिला सांगा, मी तत्त्वाचा माणूस आहे. खोलीत आज इतकी ऊब आहे की मी बनियनवर बसून हे लिहितो आहे. (पिशवी दर तासाला भरावी लागते, पण वेळ भरपूर आहे.) विज्ञान माझ्या बाजूने आहे. बाकी कोणी नसलं तरी चालेल.

आपला मेहुणा

ता. क. : यंत्र फिरवायला एक माणूस आत आणि एक बाहेर लागतो. मेकॅनिक आता फोन उचलत नाही. रविवारी आपण याल का? ही माघार समजू नये. उन्हाळ्यात ते फिरवावं लागणारच होतं, मी फक्त लवकर फिरवतो आहे.

आणखी एक : येताना तिला आणि आईंना घेऊन या. ती येत नसेल, तर आपणही तसदी घेऊ नका. मग एसीचं तोंड कुठेही असलं तरी मला काही फरक पडत नाही.

शेवटचं : हे पत्र तिला दाखवू नका. दाखवलंतच, तर खालून वर वाचायला सांगा, आणि विज्ञान लागायच्या आत काढून घ्या.