डेन्मार्कला मीच जाणार

८ ऑगस्ट २००६, मंगळवार
आजपासून रोज डायरी. परदेशी जाण्याआधी सवय असलेली बरी.

बातमी अशी की आमच्या बाभुळगावच्या कार्यशाळेशी डेन्मार्कची एक संस्था जोडली गेली. सरकारी भाषेत आमची कार्यशाळा प्रौढ मतिमंदांची. आम्ही मात्र सगळ्यांना ‘मुलं’च म्हणतो, मग मिशा पिकलेल्या का असेनात. आमची मुलं कापसाच्या वाती वळतात, त्यांच्याकडची मेणबत्त्या करतात. आता ते इकडे येणार, आपण तिकडे जाणार. पहिल्या खेपेला एक मुलगा आणि सोबत एक शिक्षक.

शिक्षक दोनच. एक मी, सदाशिव सर, कार्यशाळेचं कुलूप पहिल्यांदा उघडणारा माणूस. दुसऱ्या रुपाली मॅडम, परवा आलेल्या. (दोन वर्षं झाली म्हणे. मला परवाच वाटतं.) त्यांच्याकडे डिप्लोमा, माझ्याकडे अनुभव. निवडीचा प्रश्नच नाही.

९ ऑगस्ट
मुलगा ठरला. उकंडा, वय चाळीस. वाती छान वळतो, स्वभाव शांत. जड बॅग उचलेल.

इंदूला म्हटलं स्वेटर उन्हात घाल. बायको म्हणाली, आधी नाव तर येऊ द्या. या घरात व्हिजन कोणाला नाही.

संकल्प: रोज अर्धा तास इंग्लिश. मॅडमशी मोठ्या मनानं वागणे.

११ ऑगस्ट
इंग्लिश झालं नाही, लोडशेडिंग. मोठ्या मनाचंही जमलं नाही. मॅडम आज फोनवर डेन्मार्कशी बोलल्या, तेही हसत हसत. कामाच्या फोनवर हसायचं काय कारण?

कापसाचं वाटोळं झाल्यापासून जिल्ह्यात रोज गाड्या येतात. मंत्री येतात, कॅमेरे येतात, कापसाच्या पऱ्हाटीत उभं राहून फोटो काढतात. कार्यशाळेकडे कोणी वळून पाहिलं नाही. आता कोणीतरी पाहतंय, तर ते मॅडमकडे. मी जळत नाही. फक्त नोंद करतो.

१४ ऑगस्ट
मॅडमनी डेन्मार्कचं म्हणणं सगळ्यांना समजावलं. सोबत कोण येणार हे संस्था ठरवणार नाही. जो जाणार, तोच ठरवणार. म्हणजे उकंडा!

ही कसली पद्धत? उद्या पेशंट डॉक्टर निवडेल.

मग शांतपणे विचार केला आणि उलट बरंच वाटलं. उकंडाला आलुबोंडा आवडतो. हे मॅडमच्या डिप्लोमात नाही.

१६ ऑगस्ट
आलुबोंडा दिला. सहज विचारलं की बाबा, सोबत कोणाला नेशील. तो म्हणाला, विचार करून राह्यलो. मग अर्धा बोंडा कागदात बांधून मॅडमना नेऊन दिला. माझ्या पैशाचा बोंडा मॅडमनी माझ्यासमोर खाल्ला, वर चटणी छान आहे म्हणाल्या.

इंग्लिश उद्यापासून.

२३ ऑगस्ट, पोळा
पाहुणे यवतमाळला पोचले. उद्या तान्हा पोळा. माझी योजना फर्स्ट क्लास आहे. आमची सगळी मुलं जरीच्या टोप्या घालून, चाकाचे लाकडी बैल ओढत स्वागताला येणार.

मॅडमचा विरोध. त्यांचं म्हणणं, तान्हा पोळा लेकरांचा सण, ही मोठी माणसं आहेत, शोभणार नाही. मी म्हटलं, आपल्याला ती मुलंच. कल्पना त्यांना सुचली नाही हे खरं दुखणं. मत्सर माणसाला कुठे नेतो!

२४ ऑगस्ट
जीपमधून दोघं उतरले. एक उंच गृहस्थ, कोट-टाय. मागे साध्या कपड्यातली बाई, हातात दोन्ही बॅगा. मी हार थेट साहेबांना घातला. मोठ्या खुर्चीत बसवलं आणि माझ्या कार्याची सगळी माहिती दिली. साहेब प्रत्येक वाक्याला ‘येस, येस’ म्हणत होते. इतका समजदार अधिकारी मी पाहिला नाही. मधूनच ‘आय मेक कँडल्स’ म्हणायचे. मला वाटलं, केवढी ही नम्रता.

मग मॅडमनी कानात सांगितलं की डायरेक्टर म्हणजे त्या बाई, हान्ना. हे लार्स. तिकडच्या कार्यशाळेत मेणबत्त्या करतात, आपल्या उकंडासारखे.

आधी सांगायला काय झालं होतं? सांगितलं असतं, तर मीही बॅगा उचलल्या असत्या.

त्यानंतर बैल. उकंडानं दोरी हातात घेतली, बैलाकडे पाहिलं आणि तो पायरीवर ठेवून दिला. म्हणाला, “हे लेकरायचं आहे. मी काल खरे बैल धरून पोळ्यात उभा होतो.” बाकीच्यांनीही एकेक करून बैल खाली ठेवले, टोप्या काढल्या. हान्नाबाईंनी मॅडमना काहीतरी विचारलं, मॅडमनी हळूच काहीतरी उत्तर दिलं. माझ्याविरुद्धच असणार.

तरी आशा आहे. निवड उद्या.

२५ ऑगस्ट
सकाळी दाढी केली. सतरंजीवर उकंडाच्या अगदी समोर बसलो, म्हणजे त्याला शोधावं लागू नये.

त्यानं मॅडमचं नाव घेतलं.

इथपर्यंत ठीक होतं. पण अध्यक्ष रामरावांना नसता शिष्टाचार सुचला. विचारलं, काहून रे, सदाशिव सर कायले नको?

उकंडानं बराच विचार केला. मग म्हणाला, “सर चांगले आहेत. पण त्याईच्याकडं कोणी पाह्यलं नाही का ते रुसतात. तिथं मी काम शिकू, का सरले सांभाळू?”

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मॅडमनी पाहुण्यांना त्याचं इंग्लिश करून सांगितलं नाही. मी प्रथमच त्यांचा आभारी आहे, आणि त्याचाही राग आला.

२६ ऑगस्ट
डेन्मार्क थंड आहे. मला सर्दीचा त्रास. एकूण योग्यच झालं.

इंदूनं न बोलता स्वेटर पुन्हा पेटीत ठेवला. काहीतरी बोलली असती तर भांडता आलं असतं.

मॅडमचा व्हिसा अडकू शकतो. अशा गोष्टी होतात. नाही, असं लिहू नये. पण होतात.

२८ ऑगस्ट
आज कार्यशाळेत कोणाशी बोललो नाही. कोपऱ्यात बसून वाती वळत होतो, त्याही पीळ सुटलेल्या. मॅडम दोनदा आल्या, मी कापसाकडे पाहत राहिलो.

जेवणाच्या सुट्टीत उकंडा शेजारी येऊन बसला. माझ्या हातातली वात घेतली, नीट वळून परत दिली. म्हणाला, “सर, पुढच्या खेपेले मी तुमचं नाव सांगतो. पण दोन गोष्टी. तिथं रुसाचं नाही. अन् रस्त्यानं माहा हात सोडाचा नाही.”

मी म्हटलं, बरं.

तो म्हणाला, “असं नाही. आत्तापासून सवय लागली पाह्यजे.” आणि हात पुढे केला.

सगळी माणसं बघत होती. मी धरला.