गोळीच्या नावावर खपवलेलं रक्त

ती. सुलभाआत्या,

काचीगुड्याहून माधवीचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? उदगीरला थंडी पडली असेल, तर पायात मोजे घाल. (तू घालणार नाहीस, ठाऊक आहे.) फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी मोठ्याने बोलायला लागले की नाना दाराआड येऊन उभे राहतात, म्हणून पत्र. इकडे सर्व क्षेम, असं लिहायला बसले होते. पण तुझ्या भावाचा रिपोर्ट चांगला आलेला नाही.

नारायणगुड्याच्या एका दवाखान्यात साठीपुढच्यांसाठी आतड्याच्या कॅन्सरची तपासणी होती. शौचाचा नमुना एका चिमुकल्या नळीत न्यायचा, एवढंच. लगेच देणार नसाल तर फ्रीजमध्ये ठेवा, असं कागदावर छापलेलं. आमच्या फ्रीजमध्ये नैवेद्याचं दूध असतं, त्यामुळे आईने फ्रीजला कुलूप घातलं. (त्याला कुलूप आहे हे मला चौदा वर्षांत कळलं नव्हतं.) शेवटी नाना बर्फ भरलेल्या प्रवासाच्या थर्मासात नळी घालून रिक्षाने गेले. आई अजून त्या थर्मासकडे बघत नाही.

नमुन्यात रक्त सापडलं. डोळ्यांना न दिसणारं, पण सापडलं. डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीने आत बघू. नाना म्हणाले, गरज नाही; हृदयाच्या ठोक्यांसाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, तिचंच हे काम. तीस वर्षं पाणीपुरवठ्यात काढलेला माणूस. "पातळ झालं की सांध्यातून झिरपणारच की."

"मग साहेब, सांधाच बघायचाय," डॉक्टर म्हणाले. "गोळी भोक पाडत नाही. आत काही असेल तर ते जरा लवकर वाहतं, इतकंच."

तेव्हापासून घरी येईल त्याला नाना गोळीची बदनामी ऐकवतात. आणि मी उठून स्वयंपाकघरात जाते, कारण परवा त्यांच्या जुन्या चष्म्याचं घर झटकताना आठ गोळ्या बाहेर पडल्या. रक्त तपासायला उपाशीपोटी जातात, तसा नानांनी तपासणीआधी चार दिवस गोळीचा उपास धरला होता. सकाळची एक, संध्याकाळची एक. रिपोर्ट स्वच्छ यावा म्हणून. म्हणजे सगळं जिच्यावर ढकलतायत ती गोळी त्यांनी घेतलीच नव्हती.

मी डॉक्टरांना कळवलं. ते चिडले. या तपासणीसाठी गोळी थांबवायची नसतेच, म्हणाले, रक्ताची गुठळी मेंदूत गेली असती तर? मग म्हणाले, गोळी घेतलेली असो वा नसो, रक्त दिसलं की आत बघायचंच. बहुतेकांचं साधंच काहीतरी निघतं. तो 'बहुतेकांचं' शब्द मनात घोळवत मी सध्या भाजी चिरते आणि मीठ दोनदा घालते.

नानांना मी काही बोलले नाही. आता गोळी घेताना समोर उभी राहते, एवढंच. पकडले गेले तर त्यांच्याजवळ नुसतं घाबरणं उरेल, आणि ते मला बघवणार नाही.

तुझी,
माधवी

ता. क. एकवीस तारखेला डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तू वीसलाच ये.

ता. क. दुसरा : वेळ तुझ्यासाठी आहे असं नानांना सांगितलंय. तुला दुर्बिणीची फार भीती वाटते म्हटल्यावर म्हणाले, "एकटी कशी जाईल ती? आधी माझं करून दाखवतो तिला." सदरा इस्त्रीला दिलाय. तू फक्त घाबरलेली दिसायचंस. जमत नसेल तर स्टेशनवर माझ्याकडे नीट बघून घे.