मिस्त्रींच्या कोंबड्या कोणी न्याव्यात

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा सुतारकाम (आता बंद), ज्याला सगळी गल्ली मिस्त्री म्हणते तोच, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कुणाच्या धाकात किंवा भिडेत न येता लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, शरीराचे मात्र काही खरे नाही. मंगळवारी ऑपरेशनला बोलावले आहे. डॉक्टर "बघू या" म्हणाले. मी जन्मभर गिऱ्हाइकांना "बघू या" म्हणत आलो, त्यामुळे त्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायला नको. यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात कोंबड्या चिरंजीवांच्या नावे होत्या.

कलम १. घर. हे राहते घर, मागच्या परसासह, मी माझ्या एकुलत्या एका मुलास देतो. कोणतीही अट घालत नाही. अट घालून काही होत नाही, हे मला गेल्या महिन्यात कळले. मी त्याला विचारले होते, कोंबड्यांचे काय करशील? तो म्हणाला, "बाबा, तुम्ही कशाला काळजी करता? मी बघतो ना." मला इतके बरे वाटले की त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो. दुसऱ्या दिवशी तो फाटकाशी कंत्राटदाराला जागा दाखवत होता आणि मी खिडकीच्या आत खाटेवर पडलो होतो. परसात फरशी घालून गाड्या लावायची सोय करायची आहे. तो म्हणाला, "खुराडं पहिल्याच दिवशी काढा. कोंबड्या मजुरांना वाटून टाकू, तेवढेच खूश होतील." त्याने हे दुष्टपणाने म्हटले नाही. मोडक्या खुर्चीबद्दल माणूस जसे बोलतो तसे बोलला. सूनबाईचा यात काडीचाही दोष नाही. नातवाला पिसांनी धाप लागते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण "मी बघतो" म्हणायचे काय कारण होते? नाही म्हणाला असता तर मी दुसरीकडे वेळेवर शोधाशोध केली असती.

कलम २. हत्यारे. रंधे, पटाशा, करवती, शिकंजा आणि पितळी ओळंबा हे सर्व माझ्या पुतणीला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या मुलीला. ती बस आगारात नोकरी करते, तिला सुतारकाम येत नाही, तरीही तिलाच. विकून टाकली तरी माझी हरकत नाही. कारण कलम ५ मध्ये येईल.

कलम ३. बँकेत जे असेल त्यातून दवाखान्याचे भागवावे. उरेल ते वहिनीला. ती "कशाला, कशाला" म्हणेल, तिकडे लक्ष देऊ नये.

कलम ४. माझे गजराचे घड्याळ वरच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडक्लार्कना द्यावे. माझ्या कोंबड्याच्या आरवण्याने झोपमोड होते म्हणून त्यांनी नगरपालिकेत इतके अर्ज केले की तिथला शिपाई मला नावाने ओळखू लागला. आता कोंबडा राहणार नाही. त्यांना उठवायला काहीतरी हवे. घड्याळ रोज पाच मिनिटे पुढे जाते, त्याबद्दल अर्ज कुठे करायचा ते त्यांचे त्यांनी शोधावे.

कलम ५. कोंबड्या. या कलमासाठीच मी हा कागद लिहायला घेतला आहे, म्हणून ते जरा लांबेल.

आमच्या कोंबड्या दादाने आणि मी मिळून तयार केल्या. सुरुवातीला बाजारातून पांढऱ्या आणल्या होत्या. अंडी भरपूर द्यायच्या, पण एकही खुडूक व्हायची नाही. अंडे टाकले की निघाली पुढे, त्यावर बसायचे असते हे त्यांच्या गावीही नव्हते. दादाला ते फार लागले. तो म्हणायचा, ज्या आईला पोरांवर बसायचेच ठाऊक नाही, तिची पोरे आपण किती दिवस विकत आणायची? मग आम्ही इकडूनतिकडून गावठी कोंबड्या मिळवल्या आणि एकच नियम धरला. जी कोंबडी शेवटपर्यंत अंड्यांवर बसेल आणि पिल्ले मोठी होईपर्यंत त्यांना पंखाखाली घेईल, तिचीच अंडी पुढे ठेवायची. बाकीच्यांची आपण खायची. कोंबडा माणसांवर धावून आला की त्याची रवानगी भांड्यात. रंगाकडे, वजनाकडे पाहिले नाही. अशी वर्षांमागून वर्षे गेली. आज माझ्या परसात मातकट, कबऱ्या, ठेंगण्या, दिसायला सुमार अशा कोंबड्या आहेत आणि त्यातली प्रत्येक जण बसते. हात घातला तर टोचत नाही, अंग जरासे उचलून बघू देते. दादा गेला तेव्हा त्याच्या उशाशी मी तेवढे एकच बोललो होतो, की हा वाण मोडू देणार नाही.

कोंबड्या घ्याल का विचारायला शेतकीच्या शाळेत गेलो. त्यांनी विचारले, जात कोणती? मी म्हटले, आमचीच. नाव नसलेली जात त्यांना नोंदवता येत नाही. ते बरोबरच आहे, नियम म्हणजे नियम. मळ्यावाल्या दोघांनी जागा नाही म्हणून हात वर केले. तिसरा घेऊन जायला तयार होता, पण त्याच्याकडचे मोकाट कुत्रे पाहून मीच परत फिरलो.

उरली पुतणी. लहानपणी ही पोरगी पिल्ले फ्रॉकच्या ओच्यात घालून हिंडायची. ती म्हणेल हो, अशी माझी खात्री होती. तिने पर्समधून ड्युटीचा तक्ता काढून पाहिला. मग म्हणाली, "काका, मी हो म्हणेन आणि माझ्या पाळ्यांच्या ड्युटीत त्या वर्षभरात मरतील. तुम्हाला खोटं सांगून पाठवू का?" मी म्हटले, नको. ती रडली, मीही रडलो. हत्यारे तिला दिली ती एवढ्यासाठी.

तेव्हा सर्व कोंबड्या आणि कोंबडा मी कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याला देतो. या माणसाशी माझे कधी पटले नाही. दर वर्षी तो कोंबड्या मागायला यायचा आणि मी त्याला फाटकातूनच वाटेला लावायचो. परवा मीच बोलावले. तो आला, खुराड्यापाशी उकिडवा बसून बघत राहिला आणि त्याने एवढेच विचारले, "मिस्त्री, उजेडी नेऊ की अंधारात? अंधारात त्या घाबरत नाहीत." इतक्या जणांत कोंबड्यांच्या जिवाचे विचारणारा हा एकटाच निघाला. अंधारात न्याव्यात. दुकानाच्या पिंजऱ्यात ठेवू नयेत. एकीच्या समोर दुसरीला कापू नये. त्याने हे मान्य केले आहे आणि त्याच्या शब्दावर माझा विश्वास आहे. पुढे तो विकेल किंवा खाईल, त्याची मर्जी. मी दवाखान्यातून परत आलो तर हे कलम लागू नाही. पण ते लागू होईल असे धरूनच चालावे.

कलम ६. मी मागच्या आठवड्यात दवाखान्यात होतो तेव्हा एक कबरी खुडूक झाली आणि लाकडाच्या भुशात आपली आपण अंड्यांवर बसली. कुणी बसवली नव्हती. काल अंडी बॅटरीच्या उजेडासमोर धरून पाहिली. सगळ्यांत लाल रेषा दिसतात, म्हणजे जीव धरला आहे, एकही वाया गेलेले नाही. असे फार क्वचित होते. दादा असता तर गल्लीभर सांगत सुटला असता.

पिल्ले निघतील तेव्हा मी नसेन. चिकनवाल्याला पिल्लांचा उपयोग नाही, तो तसे स्पष्ट बोलला. म्हणून मी इथे आधी लिहिले होते की ही कोंबडी पिल्लांसह पुतणीला द्यावी. ते मी खोडले आहे. खाडाखोड माझीच आहे आणि शेजारी माझी सही आहे. तिने मला तोंडावर नाही म्हटले आहे. जिवंत माणसाला नाही म्हणता येते, मेलेल्याला येत नाही. मी गेल्यावर ती पिल्ले घेईल, मरमर करील, पिल्ले मरतील आणि ती जन्मभर स्वतःला दोष देईल. मला हे करायचे नाही.

वकिलांचा कारकून म्हणाला की मालमत्तेतली एखादी वस्तू कुणाच्याच नावे केली नाही तर मागे घोळ होतो. तेव्हा सही करण्यापूर्वी मी परसात जाऊन येतो.

जाऊन आलो. आज रोजी माझ्या मालकीच्या कोणत्याही कोंबडीखाली अंडी नाहीत. कबरी कलम ५ मध्ये धरावी.

स्थळ: राहते घर, मागची खोली.
दिनांक: महिन्याचा शेवटचा रविवार, सकाळी.
सही: मिस्त्री

साक्षीदार. वरील सही आम्हा दोघांच्या समक्ष झाली. सहीपूर्वी मिस्त्री फावडे घेऊन परसात गेले. आम्ही बरोबर येतो म्हटले, त्यांनी नको म्हणून सांगितले. परत आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. त्यांनी हात धुतले, शेवटचा मजकूर लिहिला आणि कागद वाचून दाखवला. ते पूर्ण शुद्धीवर होते. चिकनवाल्याला लाभ मिळत असल्याने त्याची साक्ष घेतलेली नाही. सह्या होत असताना कबरी रिकाम्या भुशावर परत जाऊन बसली होती. तिला उठवू का, असे आम्ही विचारले. मिस्त्री म्हणाले, "राहू द्या. तिला तेवढंच येतं."

१. सही: परिचारिका, रोज इंजेक्शन द्यायला येणारी
२. सही: शेजारचा शिंपी