एमेरामला चमचाभरच यीस्ट

मी, ऑटिली झ्रेनर, कै. अलोईस झ्रेनर यांची विधवा, वय एकोणऐंशी, धंदा घरच्या तळघरात लागर बिअर मुरवणे, राहणार भट्टी गल्ली, आयशनरॉइथ, ओबरफाल्झ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही धाकाशिवाय लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हे वाक्य वकील सगळ्यांनाच घालायला लावतात. मी ते मुद्दाम घातले आहे, कारण ते ठिकाणावर नाही असे माझा मुलगा एमेराम याने अख्ख्या गावाला सांगितले आहे.

१. घर, तळघर आणि गावच्या सामाईक भट्टीवर आमच्या घराचा जो हक्क आहे तो, सर्व एमेरामला. शहरातली नोकरी सोडून त्याने बैठकीच्या खोलीत गिऱ्हाइकांसाठी नवी बाके आणून मांडली आहेत. बिअर विकल्याशिवाय त्याची चूल पेटणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून त्याने पुढचे नीट वाचावे.

२. सून गेर्लिंडे हिला माझा लोकरीचा कोट. मी दवाखान्यात असताना तिने तो घालून पाहिलाच आहे.

३. आता झाले काय ते. गेल्या हिवाळ्यात कमरेचे हाड मोडून मी आडवी झाले. निघताना मी त्याला बजावले, "एमेराम, बरणीतल्या यीस्टला बार्लीचं गोड पाणी घालत राहा. भट्टीची पाळी आली की आधी बरणीतून बादलीत वाढव, मग बादलीतून पिंपात. आपलं तळघर गार आहे, गारठ्यात यीस्ट सुस्त असतं. थोड्याने भागत नाही, समजलं?"

"आई, तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस!"

बरणीला वास येतो म्हणून त्याने ती घासून टाकली. माझ्या आजेसासूपासून चालत आलेले यीस्ट मोरीत गेले आणि बरणीत सूनबाईने काकड्या घातल्या. मग या शहाण्याने शहरातल्या बाजारातून यीस्टचे एक पाकीट आणून अख्ख्या पिंपावर भुरभुरले. फेस येईना. तेव्हा गाढवाने तळघरात शेगडी पेटवली! लागर मुरते गारठ्यातच, आणि तिच्या तळघरात शेगडी! फेस आला, आणि त्याच्यासोबत सडक्या केळ्यांचा वास. तरीही त्याने बिअर तयार झाल्याची खूण म्हणून दारावर तारा टांगला. गिऱ्हाइकांनी पहिला घोट थुंकला तेव्हा म्हणतो कसा, "आईने केलीय हो. काय करणार, म्हातारीचं डोकं फिरलंय."

मी दवाखान्यात पडलेली. लोक भेटायला येत आणि तान्ह्या बाळाशी बोलावे तसे हळू, मोठ्याने बोलत. फादरनी मला आज वार कोणता ते विचारले. त्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

४. आमच्या गावात यीस्ट विकत नाहीत आणि मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत. मात्र मागणाऱ्याने स्वतः, पुढच्या दाराने, बादली घेऊन जायचे असते. माझे यीस्ट शेवटचे नेले होते समोरच्या आफ्रा प्योलाथने. माझ्या बिअरला ती भांड्यांचे धुवण म्हणाली तेव्हापासून आमचे बोलणे बंद. यीस्टपुरते आम्ही तोंड उघडतो. दवाखान्यातून सुटल्यावर कुबड्या घेऊन गेले तिच्या दारात.

"कोण मेलं?" तिने विचारले.

"माझं यीस्ट."

"आणि डोकं? ते फिरलंय म्हणे."

"फिरलं असतं तर तुझ्याकडे रोज आले असते, आफ्रे."

ती हसली आणि तिने दिले. त्यातूनच वाढवलेले यीस्ट आज माझ्या तळघरात आहे. ते मी आफ्राला देते. मी डोळे मिटले की माझ्या आधी त्या यीस्टची बरणी घराबाहेर काढावी.

५. एमेरामला यीस्ट लागणारच, आणि आमच्या घरचे यीस्ट तेव्हा आफ्राकडेच असेल. त्याने आफ्राच्या दारावर तारा असेल, खोली माणसांनी भरलेली असेल, त्या दिवशी बादली घेऊन जावे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणावे, "बिअर मी बिघडवली. आईचं डोकं ठिकाणावर होतं." आफ्राने "काय म्हणालास?" असे विचारल्यास पुन्हा म्हणावे. तिला ऐकू उत्तम येते, पण हवे तितक्या वेळा विचारण्याची मुभा मी तिला दिली आहे.

त्यानंतर आफ्राने त्याला यीस्ट द्यावे. चमचाभर. नाही म्हणू नये एवढीच रीत आहे, किती द्यावे हे रीत सांगत नाही.

६. तो चमचा त्याने बरणीत वाढवावा, मग बादलीत, मग पिंपात. मी सांगितले होते तसे. घाई केली तर पुन्हा तोच वास येईल आणि गिऱ्हाईक पुन्हा विचारेल, ही कोणी केली? तेव्हा मी चर्चच्या मागे मातीखाली असेन. माझे नाव सांगण्याची त्याची सोय मी या कलमाने रद्द करीत आहे.

सही: ऑटिली झ्रेनर

साक्षीदार:
१. लिओनहार्ट गुटमान, खाटीक (पहिला घोट यांनीच थुंकला)
२. फादर इग्नात्स श्टांगल

स्थळ: आयशनरॉइथ
दिनांक: १४ नोव्हेंबर २०१८, बुधवार. वार फादरना विचारून लिहिलेला नाही.