समाधानाचा पीळ

प्रिय दादा,

तुझी प्रश्नांची यादी पोचली. अक्षर वहिनीचं आहे, म्हणजे तू सांगत गेलास आणि तिने लिहून घेतलं. मधला 'ह्यांचे कान थंडीत दुखतात, टोपी कुठली आणावी?' हा प्रश्न तिचा स्वतःचा, हे कळायला मला पदवी लागली नाही. तीस तारखेला तुझ्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाची किल्ली जागामालकाला परत करायची आणि पाच तारखेला इथे आमच्या डोंगरातल्या दुकानात माझ्या शेजारच्या टेबलावर कामाला उभं राहायचं, असं तुझं ठरलं आहे. आज अठरा. पत्राला चार दिवस लागतात, म्हणजे वेळ आहे. आधी तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते, मग मला एक सांगायचं आहे. पत्राचं शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड आहे, ती आजच्यापुरती सोड.

टोपी लोकरीची आण, कान झाकणारी. पण हेल्मेटच्या आत मावेल इतकी पातळ. अंगाला चिकटून सुती काही घालू नकोस. सुती बनियन घामाने भिजलं की वाळत नाही, आणि चढावर घामाघूम झालेला माणूस उतारावर त्याच बनियनमध्ये कुडकुडतो. मोजे एका वेळी एकच जोड. पहिल्या हिवाळ्यात मी अतिशहाणपणा करून दोन-दोन चढवले, बूट आवळले गेले, रक्त फिरेना, आणि पायाची बोटं लाकडाची झाली. स्नोबोर्डचे, म्हणजे बर्फावर घसरायच्या फळीचे, बूट घालून सरळ उभं राहिलं की अंगठा पुढे जेमतेम टेकायला हवा आणि गुडघे वाकवले की मागे सरकायला हवा. बूट, बोर्ड इथे मिळतील, विकत घेऊ नकोस. मनगटाच्या आधारपट्ट्या मात्र पहिल्या दिवसापासून घालायच्या. आमच्या मालकीणबाई म्हणतात, नवशिक्याला बर्फ आधी मनगटाने कळतो, मग बुडाने, आणि डोक्याला कळेपर्यंत सुट्टी संपलेली असते.

तुझी पोलादी सायकल आणणार असशील तर खोक्यात घालून आण. पेडल काढ, हँडल आडवं वळव, पुढचं चाक सांगाड्याच्या बाजूला बांध, मधे जुना टॉवेल घाल. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे मी तुला सांगणं म्हणजे सूर्याला काजवा दाखवणं. पण एक गोष्ट तुला नवी आहे. इथल्या डोंगरी सायकलींना चाकाच्या मधोमध चकतीचे ब्रेक असतात, आणि त्या चकतीवर तेलाचा थेंब पडला तर ब्रेक गेलाच म्हणून समज. तू जे कुरकुरेल त्याला तेल पाजतोस, दाराच्या बिजागरीपासून शेजारणीच्या शिवणयंत्रापर्यंत. इथे आधी विचारायचं. आणि हेल्मेट एकदा जोरात आपटलं की वरून कितीही नवंकोरं दिसो, फेकायचं. हे तुला जड जाईल. तू आजवर वाकलेला खिळासुद्धा फेकलेला नाहीस, ठोकून सरळ केला आहेस.

मला सगळं आठवतं, दादा. कॉलेज सुटलं की मी तुझ्या दुकानात त्या उलट्या खोक्यावर बसायचे, मांडीवर पुस्तक आणि हातात पाना. तू नववीत शाळा सोडलीस आणि मी शिकत राहिले, याबद्दल तू कधी एक शब्द बोलला नाहीस. माझ्या प्रवेशाच्या प्रत्येक अर्जावर मात्र तुझ्या अंगठ्याचा काळा, तेलकट ठसा उमटलेला असायचा. कारकून नाक मुरडायचा आणि मला आतून बरं वाटायचं. नट कसा आवळायचा हे तू मला डोळे मिटून शिकवलंस. फिरव, फिरव, हाताला पुरे वाटलं की थांब, आणि मग वर एक पीळ आपल्या समाधानाचा. तुझ्या दुकानातून गेलेली सायकल कधी खिळखिळी होऊन परत आली नाही, ती त्या पिळामुळे. ही माझी खरी पदवी, असं मी इथे सगळ्यांना सांगत असे.

पण इथे मला नोकरी मिळाली ती दुसऱ्या, कॉलेजच्या पदवीमुळे. दुकानाचं एक माहितीपत्रक निघतं, उन्हाळ्यात सायकलवाल्यांसाठी, हिवाळ्यात बोर्डवाल्यांसाठी. काय घ्यावं, काय घेऊ नये, प्रवासात सामान कसं बांधावं. ते मी लिहिते. पहिलं पत्रक आईला पाठवलं तेव्हा तिने ते शेजारच्या मास्तरीणबाईंकडून दोनदा वाचून घेतलं आणि कपाटात माझ्या गुणपत्रिकांच्या गठ्ठ्यात ठेवलं. सायकल या विषयात तिला काडीचा रस नाही. तरी तिने फोनवर विचारलं, छापलंय म्हणजे सगळं खरंच असणार ना? मी म्हटलं, हो आई. तेव्हा ते खरं होतं.

गेल्या पानगळीत, बर्फ पडायच्या आधीच्या शेवटच्या आठवड्यात, इथले दातांचे डॉक्टर नवं हँडल बसवून घ्यायला आले. हँडल कार्बनचं. ते धातूचं नसतं, दादा. धाग्यांचं कापड थरावर थर चिकटवून कडक केलेलं असतं, हलकं आणि मजबूत. पण प्रमाणाबाहेर आवळलं तर आतून चिरतं आणि वरून काही दिसत नाही. म्हणून त्यावर आकडा छापलेला असतो, आणि तेवढा जोर झाला की टक्क वाजणारा एक पाना असतो, त्यानेच आवळायचं. तो पाना त्या वेळी मालकीणबाईंच्या टेबलावर होता, दहा पावलांवर. दुकानात गर्दी होती, डॉक्टर बघत उभे होते, आणि माझा हात आहेच की, असं मला वाटलं. हाताला पुरे वाटलं तेव्हा मी थांबले. मग वर एक पीळ दिला.

तिसऱ्या दिवशी उतारावर ते हँडल तुटलं. डॉक्टरांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. हात झोळीत अडकवून ते स्वतःच दुकानात आले, तुटके तुकडे घेऊन, आणि मालकीणबाईंना सांगू लागले की चूक त्यांचीच. गाडीच्या मागे सायकल बांधताना त्यांनी पट्टा हँडलवरून घेतला होता आणि फार ताणला होता. मी तुकडे हातात घेतले. पट्ट्याचा वळ मुठीजवळ होता. हँडल तुटलं होतं मधोमध, पकडीच्या आत, बरोबर मी आवळलं होतं तिथे. मला पाहताक्षणी कळलं. मालकीणबाई म्हणाल्या, ही पट्ट्याची गोष्ट हिवाळ्याच्या पत्रकात घाल, लोकांच्या उपयोगी पडेल. आणि मी घातली, दादा. चौकटीत, ठळक अक्षरांत. लोक येऊन सांगायचे, बरं झालं लिहिलंत, आम्हीही तसंच बांधत होतो. सल्ला खोटा नव्हता. फक्त त्याच्यामागे मी लपून उभी होते. आईने तेही पत्रक गठ्ठ्यात ठेवलं आहे.

पाच महिने मी गप्प राहिले. स्वतःला सांगत राहिले की डॉक्टरांचं हाड जुळलं, बोलून आता कोणाचं भलं होणार आहे. मग गेल्या मंगळवारी डॉक्टर पुन्हा आले. त्यांच्याबरोबर एक छोटी निळी सायकल होती, त्यांच्या मुलीची, एकदाही डोंगर न पाहिलेली. विकायला ठेवा म्हणाले. या उन्हाळ्यात तिला सोप्या वाटेवर न्यायचं असं त्यांनी तिला दोन वर्षांपूर्वी कबूल केलं होतं. मालकीणबाईंनी कारण विचारलं, तर हसून म्हणाले, "ज्याला स्वतःची सायकल धड बांधता येत नाही, त्याने पोरीला डोंगरावर न्यावं का?"

मी पावती लिहीत होते. ती अर्धी टाकून मी तेव्हापासून खणात ठेवलेले ते तुकडे काढले, टेबलावर ठेवले आणि दोघांसमोर सांगितलं. माझी वाक्यं नीट झाली नाहीत. वळ कुठे आणि तुटलं कुठे, एवढं मात्र मी बोटाने दाखवलं. डॉक्टर बराच वेळ तुकडे जुळवून बघत बसले, दातांचा डॉक्टर जसा बघेल तसे. मग म्हणाले, "पाच महिने मी माझ्याच हातांना शिव्या देतोय." ओरडले असते तर बरं झालं असतं. जाताना निळी सायकल परत घेऊन गेले, पण माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. ते मला मान्य आहे.

मालकीणबाईंनी त्याच दुपारी मी हँडल बसवलेल्या तेवीस सायकली परत बोलावल्या. आणखी दोन हँडलं पकडीखाली चेपलेली निघाली. ती तुटायच्या आधी सापडली, या विचाराने मी मागच्या खोलीत जाऊन रडले. त्यांनी मला टेबलावरून काढून गल्ल्यापाशी बसवलं आहे. चौकटीतला मजकूर मी नव्याने लिहिला, त्यात आमच्या दुकानात काय चुकलं तेही आहे. त्यांनी एक शब्द न बदलता छापायला दिला. मग त्यांनी विचारलं, असं आवळायला कोणी शिकवलं? मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, माझ्या भावाने, जो पाच तारखेला येतो आहे. त्या कधी आवाज चढवत नाहीत. एवढंच म्हणाल्या, "हात चांगला असेल त्याचा. पण हाताला आकडा नसतो."

म्हणून लिहिते आहे, दादा. किल्ली परत करू नकोस. तुझी जागा त्यांनी नाकारलेली नाही, पण पक्कीही ठेवलेली नाही. आठवडाभर ये, आकड्याच्या पान्याने त्यांच्यासमोर काम करून दाखव, मग त्या ठरवतील, असं त्यांनी सांगितलं आहे. तेवीस वर्षं सायकली दुरुस्त केलेल्या माणसाची परीक्षा, तीही माझ्यामुळे, आणि तुला न विचारता. तू रुजू झाल्यावर हे सगळं सांगितलं असतं तर तुझी नोकरी वाचली असती, हे मला ठाऊक होतं. पण पहिल्याच सकाळी तू कोणाच्या तरी हँडलला हात लावला असतास, आणि तो माणूस तुझ्या भरवशावर उतारावर सुटला असता. दुकान चालू ठेव आणि आठवड्याची सुट्टी काढून ये, किंवा येऊच नकोस. तू काय ठरवशील ते मी ऐकेन. वहिनीला हे पत्र वाचून दाखव, तिचं म्हणणं तुझ्याआधी कळव. आणि फोन करू नकोस. रागावायचं असेल तर लिहून रागाव. फोनवर तू मला फार लवकर माफ करतोस.

तुझीच,
धाकटी